पहिली लेन

काल संध्याकाळी पार्क मैदानावर आमच्या कॉलेजचा एक पोरगा सराव सोडून पायऱ्यांवर येऊन बसला. शंभर मीटर पळतो, फुटबॉलला उजव्या बाजूनं खेळतो. घरी वडील म्हणाले, "दोन-दोन खेळ कशाला? एक काय ते धर." मला विचारतो, "सर, काय सोडू?"

मी त्याला बॉब हेजबद्दल सांगितलं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा हा खेळाडू. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल आणि धावणं, दोन्ही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला शंभर मीटरच्या फायनलमध्ये त्याच्या वाट्याला पहिली लेन आली. ट्रॅक सिंडरचा, म्हणजे कोळशाच्या राख-खड्यांचा, आणि चालण्याच्या शर्यतीनं ती लेन पार उखडलेली. त्यात पायातला एक स्पाइकचा बूट दुसऱ्याकडून मागून आणलेला. तरी 10.0 सेकंद, विश्वविक्रमाची बरोबरी.

मी स्वतः मातीवर पळालोय. संचलन झाल्यावर पहिल्या लेनची काय दशा होते ते मला माहितीय. पाय रेटला की खालची माती सरकते, जोर वाया जातो. म्हणून मला त्या दहा सेकंदांपेक्षा ती लेन जास्त आठवते.

त्याच ऑलिंपिकमधल्या त्याच्या रिलेची जुनी काळी-पांढरी फिल्म मी किती वेळा बघितली असेल, मोजदाद नाही. शेवटची बॅटन हातात आली तेव्हा अमेरिका पाचवी. हेज पळतो तोही सुबक नाही: पंजे आत वळलेले, खांदे डुलतायत, जणू कुणाला तरी धडक द्यायला निघालाय. एकेक जण मागं पडत जातो. 39.0 सेकंद, नवा विश्वविक्रम. मला तर त्या पळण्यात फुटबॉलच दिसतो.

पुढं तो डॅलस काउबॉइज या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाकडून खेळला. 1965 च्या पहिल्याच हंगामात 46 झेल, 1003 यार्ड. त्याला एकट्यानं अडवणं कुणाला जमेना, म्हणून संघ झोन बचावाकडं, म्हणजे एका खेळाडूमागं न धावता मैदानाचा ठरलेला भाग राखण्याकडं, वळले असं मानतात. जानेवारी 1972 ला सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण आणि सुपर बोल, दोन्ही मिळवणारा तो एकटाच.

नंतरची वर्षं वाईट गेली. व्यसन, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंग. 2002 ला गेला. त्या फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, नाव लागलं 2009 ला, तो नसताना. हे मी पोराला लपवलं नाही. त्या सन्मानाला इतका उशीर व्हायला नको होता, असं मला आजही वाटतं.

"वडलांना काय सांगू मग?" त्यानं विचारलं. म्हटलं, रविवारी मीच घरी येतो, बोलतो त्यांच्याशी.

आज सकाळी साडेपाचला आलो तर गडी आधीच हजर. मित्राचे स्पाइक घातलेले, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला. फुटबॉलचे बूट पिशवीत होते. पहिल्या लेनमध्ये उभा राहून म्हणाला, "सर, शिट्टी मारा."