टीएस-८३०एसचा शोध: लिलावातले फोटो वाचताना

इथे अमेरिकेत ईबेवर केनवूड टीएस-८३०एस हा हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने संदेश पाठवायचा-ऐकायचा, सेट शोधणं चालू आहे. १९८० च्या सुमारास आलेला हा हायब्रिड सेट मला मनापासून हवा आहे. रिसीव्हर सगळा ट्रान्झिस्टरचा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) फक्त ट्रान्समिटमध्ये: ड्रायव्हरला, म्हणजे आधीच्या टप्प्याला, १२बीवाय७ए आणि फायनलला, म्हणजे शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला, ६१४६बीची जोडी.

लिलावात नेमकी हीच गोष्ट फसवते. 'चालू होतो, आवाज येतो' असं लिहून विक्रेता उजळलेल्या डिस्प्लेचा फोटो टाकतो. त्यातून रिसीव्हर जिवंत आहे एवढंच कळतं. फायनल थकलेले असले तरी डिस्प्ले तसाच उजळतो. म्हणून विक्रेता स्वतः हॅम, म्हणजे परवानाधारक, असेल तर मी एकच फोटो मागतो: डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रोध) जोडून, मीटर आयपीवर (फायनलच्या प्लेटच्या करंटवर) ठेवून, ड्राइव्ह (आत जाणारा सिग्नल) न देता सेंड करायचं. बायस (फायनलचा स्थिर करंट ठरवणारा व्होल्टेज) नीट लागला असेल तर काटा साठ मिलिअँपिअरच्या आसपास दिसतो. त्याच वेळी प्रत्येक बँडवर किती वॉट निघतात तेही विचारतो. एखाद्याच बँडवर पॉवर पडत असेल तर मला पहिला संशय बँडस्विचच्या काजळलेल्या संपर्कांवर येतो.

विक्रेता हॅम नसेल, म्हणजे कुणा दिवंगत हॅमचं सामान विकत असेल, तर त्याला ट्रान्समिट करायला अजिबात सांगू नका. त्याच्याकडे परवाना नाही, आणि लोडशिवाय की दाबली तर फायनल जातील. असा सेट 'तपासलेला नाही' याच भावाने घ्यायचा: ६१४६बीची नवी जोडी आणि त्यानंतरचं न्यूट्रलायझेशन (फायनल आपोआप दोलायमान होऊ नयेत म्हणून करायची जुळणी) धरूनच बोली ठरवायची.

भावासाठी 'विकलेले' हा फिल्टर लावतो. विक्रेते मागतात तो आकडा वेगळा, लोक मोजतात तो वेगळा.

गेल्या आठवड्यात एक सेट फारच स्वस्त दिसला. फोटोवरून इंटरनेटवर उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेतला तर तोच फोटो एका जुन्या, संपलेल्या लिलावात सापडला. विक्रेत्याला आजची तारीख लिहिलेला कागद सेटवर ठेवून फोटो पाठवायला सांगितलं. उत्तर आलं की ईमेलवर बोलू, पैसे पेपलने 'मित्र आणि कुटुंब' म्हणून पाठवा. त्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. तिथेच सोडला.

भारतातल्या मित्रांनी बोलीआधी आयातीचे नियम आणि स्वतःच्या परवान्याची श्रेणी तपासून घ्यावी; कस्टममध्ये अडकलेल्या सेटचं दुःख फार मोठं.

आता नजर पेनसिल्व्हेनियातल्या एका सेटवर आहे. एवढ्या जड ट्रान्सफॉर्मरचा सेट कुरियरच्या हाती देण्यापेक्षा गाडीने जाऊन आणायचा विचार आहे, विक्रेताही तयार आहे. मीटरचा फोटो मागितला आहे, तो आला की कमाल बोली ठरवेन.