काय डोकं आहे मेल्याचं!

ठगाच्या मालिकेत धाड पडायची वेळ आली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर पोलीस येताहेत म्हणजे बरंच चाललंय. पण आपण मनातल्या मनात ओरडत असतो, अरे पळ, मागच्या दारानं पळ! आणि ते कागद आधी जाळ! परवापर्यंत ज्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्या भामट्यासाठी जीव टांगणीला लावून बसायचं आणि दार उघडेपर्यंत हातातला घास तसाच ठेवायचा.

बीबीसीच्या 'हसल'वाल्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. २००४ ते २०१२ चाललेल्या त्या मालिकेत लंडनमधली ठगांची टोळी सावजाला गंडवता गंडवता मधेच कॅमेऱ्याकडे वळून थेट आपल्याशी बोलायची. असं विश्वासात घेतलं की संपलंच, आपण टोळीतले झालो. शिवाय प्रामाणिक माणसाला फसवताच येत नाही, असा त्यांचा दंडक. त्यामुळे सावज कायम हावरट, मग्रूर आणि गडगंज. त्याला टोपी घातली की उलट थोडं पुण्यच पदरात पडल्यासारखं वाटायचं.

आपल्याकडच्या गाजलेल्या मालिकांना ही सोय नाही. त्यांतले ठग खरे आहेत, त्यांच्यावर खटले चालले आहेत. तरीही आपण त्यांच्याच बाजूनं असतो. माझी आत्या तर उघड उघड.

आत्या राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली. व्हाउचरवर दुसरी सही नसेल तर तिनं सख्ख्या भावालाही काउंटरवरून परत पाठवलं असतं. दुधाचा हिशेब अजून कॅलेंडरवर मांडते आणि महिनाअखेरीला अर्ध्या लिटरवरून भैयाशी वाद घालते. अशी बाई शेअर दलाल हर्षद मेहतावरची 'स्कॅम १९९२' बघताना दर दहा मिनिटांनी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवते, कारण मला काहीच कळत नाही अशी तिची खात्री आहे.

"हे बघ. एका बँकेला पंधरा दिवसांपुरते पैसे हवेत. ती आपले सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकते आणि ठरल्या तारखेला थोड्या चढ्या भावानं परत घ्यायचं कबूल करते. रेडी फॉरवर्ड म्हणायचे त्याला. आता रोखे काय कुणी टॅक्सीत घालून नेत नाही. त्यांच्याऐवजी पावती द्यायची. बँक रिसीट, बीआर. मधे दलाल. चेक बँकेच्या नावाचा, पण जमा होतोय दलालाच्या खात्यात. आणि गं, एखाद्या छोट्या बँकेनं हातात रोखे नसतानाच पावती फाडून दिली, तर?"

एवढं म्हणून ती माझ्याकडे अशी बघते, जशी काही युक्ती तिचीच. मग चित्र पुढे सरकतं. त्या पैशाच्या जोरावर एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशेच्या आसपासचा शेअर नऊ हजारांच्या घरात जातो, एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला टेकतो आणि आत्या गुडघ्यावर थाप मारते, "काय डोकं आहे मेल्याचं!" शिव्या खातो तो पडद्यावरचा बिचारा बँक अधिकारी. "अरे, आधी टॅली कर, मग सही कर! कुणी घेतलं याला नोकरीत?"

हे कौतुक पैशाचं नाही. हर्षदची लेक्सस आणि वरळीचं समुद्रावरचं घर दाखवतात तेव्हा आत्या खुशाल चहा टाकायला उठते. तिला बघायची असते ती कारागिरी. ठग हा टीव्हीवरचा एकमेव माणूस असा, जो समोरच्याचं बोलणं नीट ऐकतो. इतर मालिकांत सासू सुनेचं ऐकत नाही, नवरा बायकोचं ऐकत नाही, म्हणून तर त्या वर्षानुवर्षं चालतात. ठगाला मात्र साहेबाच्या मुलीची दहावी कधी, साहेबाला बढती हवी की बदली, सगळं तोंडपाठ असतं. एवढं लक्ष आपल्याकडे कुणी दिलं असतं तर आपणही सही केली असती, असं बघताना वाटून जातं.

पण या मौजेला एक अट आहे. फसलेला माणूस समोर बसता कामा नये.

'स्कॅम १९९२' ची सुरुवात आठवा. एक घाबराघुबरा बँक कर्मचारी टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीत येतो, त्याला काहीतरी सांगून टाकायचंय. भीतीनं त्याचा घसा कोरडा पडलाय. सगळ्या गोष्टीतला हा सरळ माणूस, आणि दोन भागांनंतर तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. पत्रकार सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ ला बातमी फोडली, त्यांना आपण मान देतो. रिंगटोन मात्र हर्षदची लावतो.

बोगस पावत्या देणाऱ्यांत मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक होती, तशी आपली बँक ऑफ कराडही होती. घोटाळा तपासणाऱ्या जानकीरामन समितीचा आकडा चार हजार कोटींच्या वर गेला, तो वाचून काहीच वाटत नाही, इतकी शून्यं कुणी मोजावी! पण बँक ऑफ कराड अवसायनात निघाली, तेव्हा कराडात पासबुक घेऊन शटरसमोर कुणीतरी उभं राहिलंच असेल. उसाचं बिल, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे. दहा भागांच्या मालिकेत त्या रांगेला फारशी जागा नाही. ती पहिल्या भागात दाखवली असती तर आत्यानं गुडघ्यावर थाप मारली नसती.

'स्कॅम २००३' मधल्या तेलगीचं तर आणखी गमतीचं. खानापूरच्या स्टेशनावर फळं विकणारा पोरगा पुढे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधली जुनी यंत्रं मिळवतो आणि स्टॅम्प पेपर छापतो. विकत घेणाऱ्याला वाटतं काम झालं. करार होतो, सह्या होतात, माणूस नव्या घरात राहायलाही जातो. आपल्याला चुना लागलाय हे त्याच्या गावीच नसतं, आणि बुडतो तो सरकारचा महसूल. महसुलासाठी डोळ्यांत पाणी आणणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचाय.

'जामतारा' लावली तेव्हा मात्र आत्या दुसऱ्याच भागाला उठून गेली. झारखंडमधली पोरं, मांडीवर फोन, आणि पलीकडून ओटीपी वाचून दाखवणारा एक म्हातारा आवाज. तो आवाज तिच्या सगळ्या मैत्रिणींचा होता. सोसायटीतले एक काका खोट्या पोलिसांच्या 'डिजिटल अरेस्ट'मध्ये सापडले होते, पूर्ण दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून. त्यांच्याकडे आता संध्याकाळी फक्त गाण्याचे कार्यक्रम लागतात, आणि आत्या गेली तर ठगांचा विषय तीही काढत नाही.

मागच्या महिन्यात तिलाच फोन आला. केवायसी संपलंय, खातं बंद होईल. आत्यानं त्याला शाखेचा कोड विचारला. मग आयएफएससी. मग म्हणाली, कुठल्या परिपत्रकानुसार, तारीख सांग. तो अडखळला तेव्हा त्याला अकाउंट फ्रीझ आणि डॉर्मंट यांतला फरक समजावून सांगायला लागली. शेवटी त्यानंच फोन ठेवला.

"अभ्यास नाही, काही नाही," ती म्हणाली. "आणि आवाज तर बघ, मिसरूड फुटलं नसेल अजून." सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवायचं की नाही यावर आमची बराच वेळ जुंपली. पोर आहे, जाऊ दे, असं मी म्हणत होते. आत्यानं चष्मा लावला, नंबर लिहून घेतला आणि कळवलं.