नुसता ‘के’ घेऊन ओव्हरक्लॉकिंग होत नाही

निपाणीहून एक मामा आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा नवाकोरा पीसी घेऊन बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या दुकानात आले, तक्रार एकच, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ओव्हरक्लॉकिंगचा (प्रोसेसर ठरलेल्या स्पीडच्या वर चालवायचा) ऑप्शनच सापडत नाही. उघडून बघतो तर प्रोसेसर आय७-१४७००के (शेवटचा ‘के’ म्हणजे स्पीड वाढवायला अनलॉक) आणि मदरबोर्ड बी७६०! मग कुठून सापडणार, इंटेलमध्ये प्रोसेसर अनलॉक असून भागत नाही, मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) वाढवायला बोर्ड पण झेड सिरीजचा लागतो, झेड६९० नाहीतर झेड७९०. विकणाऱ्याने पोराच्या तोंडून ओव्हरक्लॉकिंग ऐकलं आणि महागातला के गळ्यात मारला, बोर्डाचं अवाक्षर काढलं नाही. मला ह्याचा खरंच राग येतो, मामा तंबाखूच्या वखारीत राबणारा माणूस, पोराच्या शिक्षणासाठी म्हणून पैसे घातलेले.

पोराला म्हटलं थांब, आधी आहे तसा चालवून बघूया. सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट लावली आणि बघता बघता टेंपरेचर शंभर डिग्री, क्लॉक म्हणजे स्पीड आपोआप खाली. के च्या बॉक्समध्ये कूलर येतच नाही, त्यामुळे वर एक स्वस्तातला बारका एअर कूलर बसवलेला, आणि हा प्रोसेसर टर्बोला, म्हणजे स्वतःहून जास्तीत जास्त स्पीडला जाताना, २५३ वॅट खाणारा. त्यात बोर्डाने पॉवर लिमिट ४०९६ वॅट ठेवलेली, म्हणजे लिमिटच नाही. आता ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत कंपनीनेच ताणून दिलेला प्रोसेसर नवशिक्याने अजून कुठं न्यायचा? २०११ चा आय५-२५००के वेगळा होता, टर्बो ३.७ गिगाहर्ट्झ आणि लोक ४.५ ला आरामात चालवायचे, तेव्हा के चे पैसे वसूल व्हायचे.

बायोस जुनं होतं ते पहिलं अपडेट केलं, कारण १३व्या-१४व्या जनरेशनचा जादा व्होल्टेजचा घोळ, त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला, तो ह्यात नव्हता. मग लिमिट १२५ वॅट केली, टेंपरेचर लगेच उतरलं. रॅम ६००० स्पीडची असून ४८०० वर चाललेली, बी७६० वर रॅमचं ओव्हरक्लॉकिंग चालतं, म्हणून माऊस पोराच्या हातात दिला आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला नेणारं सेटिंग, त्यालाच ऑन करायला लावलं. रिस्टार्ट होऊन ६००० दिसल्यावर गडी खुर्चीतून उठलाच!

मामांनी विचारलं, मग के चे पैसे पाण्यात काय ओ? मी सरळ सांगितलं, साधा १४७०० घेतला असता तर कोर तेवढेच २०, टर्बो ५.४ आणि बॉक्समध्ये कूलर. शिकायचीच हौस होती तर एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड पुरला असता, तो प्रोसेसर नावात ‘के’ नसताना पण अनलॉक असतो आणि कूलर पण सोबत येतो.

पोरगं म्हणालं आता झेड७९० घेऊ काय. नको म्हटलं, त्यापेक्षा चांगला कूलर घे, आणि ग्राफिक्स कार्ड आहेच की तुझ्याकडे, आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून त्याचा क्लॉक थोडा थोडा वाढवत शिक, अडलं तर फोन कर. कूलर त्यांनी त्याच दिवशी बसवून नेला.