बाबांचं प्रोस्टेट, सात प्रश्न आणि तीन दिवसांची वही

बाबा रात्री किती वेळा उठतात हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. वय झालं की होतंच असं, म्हणून त्यांनीही कधी काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग एकदा साध्या सर्दीसाठी नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि त्या रात्री लघवी तुंबली ती तुंबलीच. पोट टम्म, घामाघूम, उभं राहवेना आणि बसवेना. हॉस्पिटलमध्ये नळी घातली तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. अशा बऱ्याच गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने प्रोस्टेटचे (पुरुषांत मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी) आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनीही लघवी अडू शकते. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर ह्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

सोनोग्राफीत प्रोस्टेट 52 ग्रॅम आलं. तरुणपणी ते साधारण 20 ग्रॅमचं असतं, त्यामुळे आम्ही सगळे त्या आकड्यालाच धरून बसलो. युरॉलॉजिस्ट म्हणाले आकडा बाजूला ठेवा, मोठं प्रोस्टेट असून काहीच त्रास नसलेली माणसं असतात आणि लहान असून रात्रभर जागणारीही असतात, कारण ग्रंथी आतल्या बाजूला वाढून लघवीची नळी किती दाबते त्यावर सगळं आहे. आणि हे कॅन्सर नाही, ह्याचा पुढे कॅन्सर होत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात मात्र, म्हणून बोटाने तपासणी आणि पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी केलीच.

मग त्यांनी एक कागद दिला. आयपीएसएस म्हणतात त्याला, सात प्रश्न. लघवीची पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असं वाटतं का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, धार तुटते का, घाई होते का, धार बारीक झालीय का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्याच्या वर तीव्र. नळी काढल्यावर थोड्या दिवसांनी बाबांनी तो भरला, पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते, आणि 19 आले. शेवटी आठवा प्रश्न असतो, उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल. तिथे त्यांनी 5 वर खूण केली. तो कागद मी घरी येऊन परत परत वाचला. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत झोपतोय मी.

दुसरं काम वहीचं. तीन दिवस, प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यात लघवी करून वेळ आणि मिली लिहायचं, किती प्यायलो तेही. बाबा आधी नको म्हणाले, मग इतकं नीट लिहिलं की डॉक्टरांनी कौतुक केलं. त्यातून कळलं की चोवीस तासांतल्या लघवीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग रात्रीच होतोय, म्हणजे सगळा दोष प्रोस्टेटचा नव्हताच. पाय सुजायचे त्यांचे, दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे निघतं. दुपारी पाय वर करून पडायचं आणि झोपायच्या आधीचे दोनेक तास पाणी, चहा-कॉफी कमी, एवढ्यानेच रात्रीचं एक उठणं वाचलं. नुसतं सोनोग्राफी बघून गोळी लिहिली असती तर हे कधीच सापडलं नसतं.

गोळ्या दोन आहेत. टॅम्सुलोसिन स्नायू सैल करते, काही दिवसांतच धार सुधारली, पण उठताना चक्कर येऊ शकते म्हणून रात्री आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. दुसरी ड्युटास्टेराइड, ही प्रोस्टेट खरोखर आकसवते पण फरक दिसायला सहा महिने लागतात, आणि अधेमधे सोडून चालत नाही. हिने पीएसए जवळपास निम्मं होतं, त्यामुळे पुढचा रिपोर्ट कुणी बघितला तर ही गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं, नाहीतर आकडा उगाच चांगला वाटतो. वीर्य कमी येणं, इच्छा कमी होणं हेही होऊ शकतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं, बाबांनी आपणहून कधी विचारलं नसतं. गोळ्यांनी भागलं नाही, परत तुंबली किंवा किडनीवर ताण आला तर ऑपरेशन, दुर्बिणीतून किंवा लेझरने. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, अजिबात लघवी न होणं, ह्यात मात्र घरी थांबायचंच नाही.

दीड महिन्याने तोच कागद परत भरला, 11 आले. आठव्या प्रश्नावर 2.

आता पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टॅम्सुलोसिनमुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडू शकतो, आणि आधी गोळी थांबवली तरी धोका पूर्ण जात नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच माहीत असावं लागतं. गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे ते बाबांनी स्वतःच त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.