कछ्याओचं कापड मार्केट: किलोचा भाव ऐकून लगेच होकार देऊ नका

चीनमधल्या शाओशिंगच्या कछ्याओ जिल्ह्यात होजिअरी कापड घ्यायला निघणाऱ्यांनी एक गोष्ट घरूनच पक्की करून जावी: गाळ्यावर सांगितलेला किलोचा भाव हा कापडाचा भाव नसतो. तागा पुठ्ठ्याच्या नळीसकट तोलतात आणि शिवाय ‘खोंगछा’ म्हणून ताग्यामागे थोडं वजन बिलात जास्त धरतात. तिथली ही जुनी रीत आहे. कोणी लपवत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही. 20 किलोच्या बिलात 1 किलो नळी आणि अर्धा किलो खोंगछा गेला, तर हातात 18.5 किलो कापड पडतं. म्हणजे 30 युआनचा भाव 32.43 ला गेला. दोन गाळ्यांच्या भावात फरक दिसतो तो पुष्कळदा एवढाच असतो. त्यामुळे नळी किती, खोंगछा किती आणि 13 टक्के व्हॅट धरून की वगळून, हे कागदावर लिहून घ्या.

पन्ह्याचंही, म्हणजे कापडाच्या रुंदीचंही, तसंच. काठापासून काठापर्यंतचा आकडा सांगतात. स्टेंटरच्या (कापड ताणून सुकवणाऱ्या मशीनच्या) टाचण्यांची भोकं आणि डिंकाचा काठ कापल्यावर उरतो तो खरा पन्हा. सोबत 100 चौरस सेंटिमीटरचा गोल जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) कटर आणि 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ठेवाच. तुकडा काठापासून दूर कापा, वजनाला 100 ने गुणा. 180 जीएसएम आणि 150 सेंटिमीटर पन्ह्याला किलोमागे 3.70 मीटर कापड बसतं. तेच 190 निघालं तर 3.51. कपडे मीटरवर शिवले जातात, हे विसरून चालणार नाही.

गाळ्यावरचा हँगर, म्हणजे टांगलेला नमुना, बघून ऑर्डर देणं तर साफ चूक. हँगर तयार मालाचा असतो. तुमचा रंग रंगाईच्या नव्या खेपेत निघतो. आधी लॅब डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला छोटा नमुना, मंजूर करा, मग प्रत्येक खेपेचा तुकडा मागवा आणि ताग्याचे दोन्ही काठ मध्याशी लावून दिवसाच्या उजेडात बघा. रंगाई मार्केटमध्ये होत नाही. दक्षिणेला ख्वायजी डोंगर, मध्ये कालव्यांची सपाट जमीन आणि उत्तरेला छ्यानथांग नदीचं मुख, अशी जिल्ह्याची रचना आहे. मार्केट मधल्या पट्ट्यात, तर प्रोसेस हाऊस (रंगाईचे कारखाने) उत्तरेच्या बिनहाय औद्योगिक पट्ट्यात एकवटलेली. माल बघायला तिकडे जायचं तर तो दिवस त्यातच जातो. चिनी नववर्षाच्या आगेमागे तर जाऊच नका: कामगार गावी गेलेले असतात आणि कारखाने बंद.

पोहोचायला शाओशिंग नॉर्थ स्टेशनचं तिकीट काढा. ते कछ्याओतच आहे. नुसतं ‘शाओशिंग’ नावाचं स्टेशन वेगळं. हांगचौमधून येणाऱ्यांना मेट्रो 5 ने कूनियांगछ्याओ गाठून शाओशिंग मेट्रो 1 पकडता येते. अलीपे या चिनी पेमेंट ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडून घ्या.

मार्केट म्हणजे एक इमारत नव्हे, कित्येक इमारती आणि मजल्यामागून मजले. एका दिवसात एकच प्रकारचं कापड बघा. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाळे आवरायला लागतात आणि दुपारनंतर पाय असे भरून येतात की माणूस कोणत्याही भावाला हो म्हणतो. सौदा सकाळीच करा. भारतीय जेवण मार्केटच्या आसपास मिळतं, त्याची काळजी नको. आनछांगचं जुनं कालवागाव आणि खयान छान आहेत, अर्धा दिवस पुरे.

दुभाषा एजंट घेतलात तर त्याचं कमिशन तुमच्याकडून ठरवून द्या. गाळेवाल्याकडून घेऊ दिलंत, तर ते भावात मिसळतं आणि पुन्हा कधीच वेगळं काढता येत नाही.

भिवंडी-इचलकरंजीच्या मंडळींसाठी आणखी एक. भारताने मार्च 2024 मध्ये कृत्रिम धाग्याच्या काही होजिअरी कापडांवर किलोमागे 3.5 डॉलर किमान आयात किंमत लावली होती. आपल्या कापडाचा एचएस कोड (कस्टमचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि चालू अधिसूचना कस्टम एजंटाकडून तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका.