फॉरमॅट मारायच्या आधी

दिवाळी अंकांचे दिवस आले की नागपुरातल्या महाल भागातले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारे, रात्रीचा दिवस करतात. त्यांच्यातलेच एक काका ऐन घाईत सीपीयू कडेवर घेऊन बर्डीवरच्या आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आले. विंडोज 7 सुरूच होत नव्हतं. आधी जिथे दाखवलं तिथे एकच उत्तर मिळालं होतं, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. "दादा, अख्खा अंक याच्यातच आहे ना! काही करून पाहा बाप्पा."

मशीन चालू केलं, तर पडद्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, आपोआप सुरू झालं आणि आतून टक-टक आवाज यायला लागला. मी तडक बटण दाबून ते बंद केलं. चेकडिस्क दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं, आणि डिस्क शेवटच्या घटका मोजत असताना तिच्यावर एक अक्षरही लिहू देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. आधी डेटा बाहेर काढायचा, विंडोजचं नंतर बघू.

उबंटू या लिनक्स सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय'वर सुरू केलं. असं केलं की सगळी सिस्टिम पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो स्मार्ट रिपोर्ट काढला, तर पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा शून्य हवा तिथे शेकड्यांत होता. काकांना वाटलं, फोल्डर दिसला की ओढून घ्यायचा. पण अशा डिस्कवर एकेक फाइल कॉपी करायला गेलं, की खराब जागेवर डिस्क वाचणारं हेड अडकून बसतं आणि तेवढ्यात डिस्क कायमची जाऊ शकते. म्हणून बिघडलेल्या डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी चांगला भाग सलग वाचून घेतं, वाईट जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांकडे वळतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये होते, त्यामुळे लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. ही मॅप फाइल मात्र बाहेरच्या डिस्कवरच ठेवायची. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या या लाइव्ह उबंटूच्या डेस्कटॉपवर ठेवली, तर मशीन बंद होताच ती पुसली जाते. नवी पोर्टेबल डिस्कही आधी ईएक्सटी4 या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करून घेतली, कारण फॅट32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि आमची इमेज होती 500 जीबीची.

ते काम रात्रभर चाललं. सकाळी इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी उघडली, आणि काकांचे फोल्डर समोर आले: 'कविता अंतिम', 'जाहिराती', 'मुखपृष्ठ नवीन'. मराठी नावं जशीच्या तशी होती. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची फाइल दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर उघडली, तर पानभर रोमन अक्षरं आणि भलतीच चिन्हं. काकांचा चेहराच उतरला. "हे का होऊन राहिलं जी?"

फाइल शाबूत होती, त्या मशीनवर श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट नव्हते एवढंच. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तोच फॉन्ट नसला की मजकूर वाचताच येत नाही. म्हणून बॅकअप घेताना नुसतं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेऊन भागत नाही, विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही घ्यावं लागतं. लिनक्समधून ते साधं फोल्डर दिसतं, फाइली सरळ उचलता येतात. त्या टाकल्या, पेजमेकर पुन्हा उघडलं आणि संपादकीयाचा मथळा झळकला. काका काही न बोलता पान खाली-वर करत राहिले.

राहिला प्रश्न खराब सेक्टरांचा. ते नेमके कुठल्या फाइलीत आले, हे डीडीरेस्क्यूच्या मदतीनेही शोधता येतं. इमेज अनमाउंट करून तिच्यातल्या रिकाम्या राहिलेल्या जागांत एक खुणेचा शब्द भरायला लावला, पुन्हा माउंट केली आणि ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने तो शब्द कुठल्या फाइलींत येतो ते पाहिलं. गेल्या वर्षीच्या अंकाचे काही फोटो आणि यंदाच्या एका कथेची फाइल, एवढंच निघालं. कथेचं प्रूफ काकांच्या पिशवीतच होतं, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट. दुकानातच एका मशीनवर श्री-लिपी टाकून दिली, आणि काका ती पानं पुन्हा टाइप करायला बसले.