सहा ओळी

आश्विन वद्य अष्टमी, रात्र

आज दुपारी बाळाची गोधडी उलगडली, तर माझ्या सहा ओळी तिथे नव्हत्या.

तशा ओळी होत्या. त्याच जागी, मोजून सहाच, त्याच पांढऱ्या दोऱ्याच्या. पण त्या मी घातलेल्या नव्हत्या. सोमवारी मी लाल काठाच्या बाजूला बसले होते. दिवेलागणीपर्यंत सहा ओळी ओढल्या, गाठ मारली आणि घडी करून ट्रंकेवर ठेवली. आज तिथे बोट फिरवलं आणि दुसऱ्याच बाईचा हात लागला.

टाका ओळखू येतो. इतकी वर्षं आम्ही एकाच कापडाभोवती बसतोय, आवाज ओळखावा तसा टाका ओळखू येतो. धाकटीचा टाका बारीक, पण ती दोरा खेचते, मग तिच्या ओळीला कापड चुण्या धरतं. वरच्या आळीतल्या काकू वर लांब टाका दाखवतात आणि खालून कणीएवढंच कापड उचलतात. त्यांची बाजू उलटी केली की ही तीच गोधडी का, असं वाटावं. माझा टाका वर जेवढा तेवढाच खाली. मला तरी तसंच वाटत होतं.

उसवलेल्या टाक्यांची भोकं जुन्या कापडावर लगेच बुजत नाहीत, पाणी लागेपर्यंत राहतात. कापड खिडकीशी नेलं, उजेडावर धरलं, अगदी नाकाशी आणलं. दिसली. बोटाच्या एका पेरात तीन टाके, कुठे कुठे दोनच. आम्ही पेरात सहा धरतो. आणि ओळही सरळ नाही, मध्येच काठाकडे कललेली.

तर ते तसं आहे. माझ्या ओळी वाईट होत्या, उसवायलाच हव्या होत्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की मला सांगितलं का नाही?

डोळ्यांचं मला ठाऊक आहेच. दिवाळी झाली की दापोलीला मोतीबिंदू काढायचा ठरलाय. रात्रीच्या बल्बला हल्ली कडं दिसतं, तांदूळ निवडताना खडा सुटतो. पण रंगीत कापडावर मला अजून नीट दिसतं. पांढऱ्यावर पांढरा दोराच तेवढा हरवतो. सुई कुठे बुडली आणि कुठे वर आली ते मी अंदाजाने करत होते. अंदाज बरोबर येतोय असं धरून चालले होते.

ही गोधडी सासूबाईंच्या, माईंच्या दोन लुगड्यांची आहे, म्हणून तर जास्त लागलं. छकुलीचे दिवस कार्तिकात भरतायत. बाळाच्या अंगाला पहिलं नवं कापड लावायचं नाही, जुन्याचंच अंगडं, जुन्याचंच दुपटं, आणि ते बरोबरच आहे. नव्या कापडात खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नाही. पण आता आळीत घरोघर फिरलं तरी जुनं सुती नऊवारी मिळायचं नाही. आम्ही सगळ्याजणी घरात मॅक्सीवर असतो, बाहेर नेसायच्या साड्या सिंथेटिक. त्या घाम टिपत नाहीत आणि सुईखालून सटकतात. काकूंनी गेल्या वर्षी तशा साड्यांची एक शिवून पाहिली. पांघरलेला माणूस घामाघूम, आणि दोन महिन्यांत आतले थर एका कोपऱ्यात गोळा झाले.

म्हणून माईंची ट्रंक उघडली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पडवीवरचे पत्रे गेले, आगरातले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा ही ट्रंक रात्रभर पाण्यात होती. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि मिरगाच्या दिवसांत ऊन कुठलं. माईंनी सगळी लुगडी चुलीच्या वर वलणीवर वाळवली. पुष्कळांवर ट्रंकेचा गंज उतरला. गंज लागला की तिथलं सूत कुजतं, बोट घातलं तरी टरकन फाटतं. चांगली अशी दोनच राहिली, एक हिरवं, एक बारीक चौकडीचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यातलं डाग पडलेलं, विरलेलं काढून टाकलं तरी दोन हात बाय दोन हात गोधडीला चार थर निघाले. वरचा थर मात्र पांढरा घेतला, जुन्या उपरण्यांचा, आणि त्याला हिरव्या लुगड्याचा लाल काठ लावला. पांढरा घ्यायचा हा हट्ट माझाच होता. बाळाखाली काही चावणारं फिरलं तर पांढऱ्यावर लगेच दिसतं.

ओटीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर पाटे ठेवले, तळहाताने मधली हवा बाहेर लोटली, लांब लांब कच्चे टाके घातले. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन. आतून बाहेर गेलं तर झोळ कडेला येतो आणि कड लाटेसारखी होते. छकुलीने मागे फोनवर कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची गोधडी दाखवली होती. त्या तिला कवंदी म्हणतात. त्यासुद्धा कोपऱ्यापासून धरून कडेकडेने मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. सिद्दी म्हटलं की आम्हाला जंजिराच आठवतो, या बायका शिवतात हे इतक्या वर्षांत कधी कानावरच आलं नव्हतं. वन्सं तो व्हिडिओ तीनदा बघून म्हणाल्या, आपणही लावू कोपऱ्याला. हिरव्या लुगड्याच्या पदराचे चार त्रिकोण मी कापून ठेवलेत.

वन्सं.

दुपारभर मला ते धाकटीचं काम वाटत होतं. कारण टाका बारीक होता, आणि तिचं बोलणंही हल्ली तसंच असतं, वहिनी तुम्ही बसा, वहिनी तुम्ही राहू द्या. चार वाजता ती पोह्यांच्या चिवड्याचं विचारायला आली तर मी तुटक बोलले. तिला काही कळलं नाही, ती उभी राहिली आणि गेली. कापणी सुरू झाल्यापासून ती पहाटे शेतावर जाते ते उन्हं उतरल्यावर येते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. तिने उसवायचं कधी?

संध्याकाळी पुन्हा कापड हातात घेतलं. नव्या ओळींना चुण्या नव्हत्या. आणि गाठ डावीकडे होती. आम्ही सगळ्या उजवीकडून सुरू करून डावीकडे येतो, आमची गाठ उजव्या टोकाला. डावीकडून उजवीकडे जाणारा हात या घरात एकच आहे. बुधवारी मी डोळे दाखवायला दापोलीला गेले होते, घरात वन्सं एकट्या होत्या.

मग तर जास्तच वाईट वाटलं.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी, १९८८ ची. माझ्या हातात सुई वन्संनीच दिली. माहेरी आम्ही भरतकाम करायचो, गोधडी कधी धरली नव्हती. पहिला अख्खा चौकोन शिवून मी मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उसव." सगळ्यांसमोर. उसवला. पुन्हा शिवला. "उसव." तिसऱ्यांदा मी न्हाणीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत येऊन बसले. वन्संनी तेव्हा वर पाहिलं नाही, फक्त दोरा मेणावर कसा ओढायचा ते दाखवलं, म्हणजे तो पिळवटत नाही. चौथा राहिला. त्या गोधडीचा आता मागमूस नाही, पण ते "उसव" माझ्या कानात आहे.

तेव्हा त्या मला सांगत होत्या. बोलणं कडू होतं, पण समोर होतं. मला येईल असं त्यांना वाटत होतं म्हणूनच ना? आता घर रिकामं बघून, मी नसताना, सहाच्या सहा ओळी काढून सहाच घातल्या, मोजून, मला कळू नये म्हणून. हेच मनात रुतलंय. न्हाणीत रडले तेव्हा मी त्या घरातली शिकणारी होते. आज मी कोण आहे?

रात्रीचं जेवण नीट गेलं नाही. ह्यांनी विचारलं, पित्त म्हणून सांगितलं.

हे लिहिता लिहिता एक आठवलं, आणि ते लिहिल्यावाचून वही मिटायची नाही.

वादळाच्या वर्षी, याच दिवसांत, माई शेवटचं शिवायला बसल्या होत्या. हात कापायचा. त्यांची ओळ म्हणजे ओळ नव्हतीच. पण त्यांना बसायचं असायचं, आणि आम्ही बसू द्यायचो. रात्री त्या झोपल्या की मी स्वयंपाकघरात दिवा लावून त्यांच्या ओळी उसवायचे आणि परत घालायचे. तेवढ्याच. मोजून. त्यांच्यासारखा टाका यावा म्हणून थोडा लांबच घालायचे. कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. आपण फार मायेनं वागतोय असं मला वाटायचं.

एका सकाळी माईंनी कापड मांडीवर घेऊन बराच वेळ हात फिरवला. म्हणाल्या, "माझा हात अजून चालतो हो, सूनबाई." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालतो तर."

त्या बघण्याचा मी तेव्हा काहीच अर्थ लावला नव्हता.

झोपते आता.

नवमी, दुपार

सकाळी सरींवर सर आली. खळ्यावरच्या भाऱ्यांवर ताडपत्री ओढायला सगळे धावले. आता पडलेला पाऊस नासाडीच करतो, पिकलेलं भात ओलं राहिलं तर जागच्या जागी रुजतं. धाकटी भिजून आली. तिला आल्याचा चहा करून दिला आणि कालच्या बोलण्याबद्दल म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, कुठलं बोलणं? मग दोघी चिवड्याचं बोललो. वईवर कारेटी पिकून पिवळी झालीत, मुलांनी आत्तापासूनच तोडायला सुरुवात केली आहे.

वन्सं ओटीवर गोधडी घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसले. सुई ओवता येत नव्हती, त्यांनी न विचारता हात पुढे केला आणि ओवून दिली. तेव्हाच विचारलं नसतं तर मग राहिलंच असतं.

"वन्सं, माझ्या सहा ओळी तुम्ही उसवल्यात?"

त्यांचा हात थांबला नाही. "हो."

"का?"

"बाळाचं बोट अडकतं गो लांब टाक्यात. आमच्या मोठ्या नातवाचं अडकलं होतं. रात्रभर रडत होता, सकाळी दुपटं काढलं तेव्हा कळलं. बोट निळं पडलं होतं."

हे मला ठाऊक होतं. म्हणूनच पेरात सहा धरतात, दिसायला चांगलं म्हणून नाही. ठाऊक असून माझ्या हातून पेरात दोन टाके पडले होते, आणि छकुलीचं बाळ त्यावर झोपणार होतं. काल रात्री एवढं लिहिलं, त्यात बाळाच्या बोटाचा एक शब्द नाही.

"मग मला सांगायचंत," मी म्हटलं.

आता त्यांनी वर पाहिलं. "तुला दिसत नाही, हे तुला मी सांगू?"

"सांगा. पहिल्या दिवाळीला सांगितलंत तसंच सांगा."

त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. दोन ओळी होईतो आम्ही दोघी गप्प होतो. मला माईंचंही विचारायचं होतं, माई कधी वन्संजवळ काही बोलल्या होत्या का. ते काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

मग वन्संनी डब्यातून लाल रीळ काढलं. माझ्या हातातली सुई घेतली, पांढरा दोरा काढला, लाल ओवला. "पांढऱ्यावर पांढरा नको तुला. तू लालानं कर. काठाच्या बाजूला शोभेल. आणि ऊन आहे तेवढंच शीव, दिवेलागणीला ठेवून दे."

लाल दिसतो. खरंच दिसतो. टाका कुठे बुडला, कुठे वर आला, सगळं दिसत होतं. ढग सरला तशी मी सरकून उन्हाच्या पट्ट्यात बसले. हात आपोआप सापडला. वर जेवढा तेवढाच खाली. एक अख्खी बाजू केली आणि कोपऱ्यावर वळताना त्यांच्यापुढे धरली.

वन्संनी बोट फिरवलं. सुरुवातीपासून, सावकाश, थांबत थांबत. कोपऱ्याशी आल्या आणि बोट टेकवून ठेवलं.

"हे शेवटचे चार," म्हणाल्या. "उसव."

कात्री आत राहिली होती. सुईच्या टोकानेच उसवले.